टँकर-ट्रॉलीचा ॲक्सल वाकलाय का? मोबाईलने कसं तपासायचं आणि नवा कसा बसवायचा

इथं आपण नेहमी ॲप, फोन आणि सेटिंगबद्दल बोलतो. आजचा विषय लोखंडाचा आणि ग्रीसचा आहे, पण यातलं अर्धं काम तुमच्या खिशातला फोनच करतो.

आमची मोसंबीची बाग अंबड तालुक्यात आहे, जिल्हा जालना. इथं उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या किती बागा जळाल्या, हे आमच्या घरात आजही बोललं जातं. त्या वर्षी ज्यांची झाडं वाचली, त्यातल्या बऱ्याच जणांची टँकरच्या पाण्यावर वाचली. त्यामुळे ट्रॅक्टरमागचा पाच हजार लिटरचा टँकर आमच्याकडे शोभेची वस्तू नाही. एप्रिल-मे मध्ये आंबिया बहाराची फळं लहान असतात. त्यात पाण्याचा ताण पडला की फळगळ सुरू होते.

अशाच एका एप्रिलमध्ये चुलत भावाने पुण्याला मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. टँकरच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली होती आणि बाहेरची कड नव्यासारखी. मी म्हणालो, "टायर खराब निघाला असेल, बदलून टाक." त्याने बदलला. तीन आठवड्यांनी परत तसाच फोटो आला. खाली एकच ओळ होती: "दादा, टायर नाही, काहीतरी दुसरंच आहे."

दुसरंच होतं. ॲक्सल वाकला होता. आधी तपासलं असतं तर एक टायर आणि भर उन्हाळ्यातले चार दिवस वाचले असते. ते चार दिवस वाया कसे गेले, तेही पुढे सांगतो. तुमच्याकडे पाण्याचा टँकर असो, उसाची ट्रॉली असो की मुरमाची, पद्धत हीच आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- टायरची एकच कड झिजत असेल, तर नवा टायर घेण्याआधी ॲक्सल, बेअरिंग आणि रिम तपासा.
- फोनमधला लेव्हल मीटर, स्लो मोशन व्हिडिओ आणि गुगल लेन्स या तीन गोष्टी पुरतात. सोबत दोरी, टेप आणि ओळंबा लागेल.
- नवा ॲक्सल फक्त लांबीवरून घेऊ नका. एकूण सात मापं लागतात.
- चाक ज्या टोकावर बसतं, त्या टोकाला कधीही वेल्डिंग करू नका.
- टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय जॅक लावू नका.

ॲक्सलवर नेमकं वजन किती येतं?

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि त्यात टाकी व चासीचं वजन वेगळं. दोन चाकी टँकरमध्ये यातला थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकवर जातो. बाकी सगळा एकाच ॲक्सलवर, म्हणजे एकेका चाकावर दोन टनांच्या वर.

हे झालं उभ्या टँकरचं. पांदण रस्त्यावर चाक खड्ड्यात आदळलं की क्षणभर हाच भार कितीतरी पटीने वाढतो. शिवाय पाणी एका जागी बसत नाही. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर सगळं पाणी एका अंगाला धावतं आणि त्या बाजूचं चाक जास्त दाबलं जातं. म्हणूनच चांगल्या टाकीत आतून आडवे पत्रे लावलेले असतात. अर्धा टँकर हलका, म्हणून तो जोरात पळवला तर चालतो, हा समज चुकीचा आहे.

आता ॲक्सलची रचना बघू. मधे चौकोनी भरीव लोखंडी बार असतो. त्याची दोन्ही टोकं लेथवर गोल केलेली असतात. त्या गोल टोकाला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलवर दोन टेपर बेअरिंग बसतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. त्यांच्यावर हब फिरतो आणि हबला चाक बोल्ट केलेलं असतं. हबच्या मागे ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून सील असतं. पुढे खाचांचा नट, त्यात स्प्लिट पिन आणि वर टोपी. बार पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो. बैलगाडीचा आस आणि खीळ आठवा. तत्त्व तेच, फक्त घर्षण कमी करायला बेअरिंग आलं.

आजार ओळखण्याची लक्षणं

१. टायरची एकच कड झिजते. दोन्ही कडा सारख्या झिजत असतील तर बहुतेक हवा कमी आहे. फक्त मधला भाग झिजत असेल तर हवा जास्त आहे. एकच कड झिजत असेल तर चाक तिरकं उभं आहे किंवा तिरकं चालतंय.

२. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे सरळ येत नाही, एका अंगाला सरकून चालते.

३. मागून बघितलं तर एका चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला दिसतो.

४. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो. थेट हात लावू नका, चटका बसेल. हब आणि हाताच्या मधे बोटभर अंतर ठेवून धग बघा, दोन्ही बाजूंची तुलना करा.

५. हबच्या मागून ग्रीस गळून रिमवर काळे फराटे दिसतात.

पाचव्या लक्षणाबद्दल थोडं अजून. विहिरीवर किंवा नदीत टँकर भरताना चाकं बऱ्याचदा पाण्यात जातात. लांबून आलेला हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो. बोट पाण्यात सोडण्यासाठी जे ट्रेलर वापरतात, त्यांचा हा सगळ्यात जुना आजार आहे. तिथं खारं पाणी, आपल्याकडे विहिरीचं, एवढाच फरक. म्हणून टँकर पाण्यात घालण्याआधी हब थोडा निवू द्या.

मोबाईलने तपासणी

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आम्ही एक नियम पाळतो: सोप्या शक्यता आधी बाद करायच्या. इथंही तोच क्रम ठेवा. टँकर रिकामा करा, सपाट काँक्रीटवर उभा करा आणि दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा.

पायरी १: बेअरिंग ढिलं आहे का?

चाक जमिनीपासून थोडं उचला. आधाराची पद्धत खाली दिली आहे, ती आधी वाचा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिलं किंवा झिजलेलं आहे. ढिल्या बेअरिंगचं चाकही तिरकंच दिसतं, म्हणून हे आधी बघायचं. मग चाक हाताने फिरवा आणि फोनच्या रेकॉर्डरवर आवाज टिपा. चांगलं बेअरिंग जवळजवळ गप्प फिरतं. घरघर किंवा टकटक आली तर हब उघडावा लागेल.

पायरी २: रिम वाकली आहे का?

चासीला एक तार अशी बांधा, की तिचं टोक रिमच्या कडेजवळ येईल पण टेकणार नाही. चाक फिरवा आणि फोनमध्ये स्लो मोशन व्हिडिओ घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला बहुतेक ३० चित्रं घेतो, स्लो मोशन १२० किंवा २४०. त्यामुळे तार आणि रिम यांच्यातलं अंतर कुठं कमी-जास्त होतं, ते डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसतं. अंतर बदलत असेल तर रिम किंवा हब वाकडा आहे. अंतर कायम राहत असेल आणि तरी चाक तिरकं असेल, तर संशय ॲक्सलवर.

पायरी ३: चाक किती झुकलंय?

चाकं खाली टेकवा. फोनमध्ये लेव्हल मीटर उघडा. आयफोनमध्ये तो मेझर ॲपमध्ये असतो. अँड्रॉइडवर फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बनवलंय आणि त्यात उतार मोजण्याची सोय आहे. फोनमधला ॲक्सलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो आणि त्यावरून कोन काढतो, म्हणून यासाठी इंटरनेट लागत नाही.

फोनचं कव्हर काढा. बटणं नसलेली कड वापरा. आधी फोनची स्वतःची चूक काढायची: ओळंबा लावून सरळ असल्याची खात्री केलेल्या दाराच्या चौकटीला ती कड टेकवा. समजा तिथं ०.३ अंश दाखवलं, तर पुढच्या प्रत्येक मापातून तेवढं वजा करा, अधिक-उणे चिन्ह सांभाळून.

आता रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ पट्टी उभी धरा. टायरच्या फुगवट्याला पट्टी टेकू देऊ नका. पट्टीला फोन लावा आणि आकडा लिहून घ्या. चाक अर्धा फेरा फिरेल एवढी ट्रॉली पुढे घ्या आणि परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर रिम ठीक. मग दुसऱ्या चाकाचं तसंच. जमीन उताराची असल्याचा संशय असेल तर टँकर उलट्या तोंडाने उभा करून पुन्हा मोजा.

आमच्या टँकरला उजव्या चाकाचा आकडा ०.४ अंश आला आणि डाव्याचा २.३. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५० सेंटिमीटर उंचीच्या पट्टीवर २.३ अंश म्हणजे साधारण २ सेंटिमीटरचा झुकाव. पाच टन पाणी घेऊन असं चाक रोज पळालं तर टायरची कड टिकणार कशी?

शेवटी ओळंब्याने खात्री करा. रिमच्या वरच्या भागातून दोरी सोडा आणि वर व खाली रिमपर्यंतचं अंतर टेपने मोजा. फोन आणि ओळंबा दोघं एकच सांगत असतील तर निदान पक्कं.

पायरी ४: ॲक्सल मागे-पुढे सरकलाय का?

हुकच्या पिनच्या मधोमध टेप धरा. तिथून डाव्या हबच्या टोपीपर्यंत आणि उजव्या हबच्या टोपीपर्यंत अंतर मोजा. दोन्ही सारखं हवं. फरक आला तर ॲक्सल तिरका बसलाय. अशा वेळी आधी यू-बोल्ट आणि पाट्यांचा मधला बोल्ट बघा. पाट्यांचा बोल्ट तुटला की चांगला ॲक्सलही जागेवरून सरकतो. हे कारण निघालं तर ॲक्सल बदलायची गरजच नाही!

तिरकी चाल व्हिडिओत पकडायची असेल तर फोन रस्त्याच्या कडेला दगडाला टेकवून ठेवा आणि ट्रॅक्टर कॅमेऱ्यापासून दूर सरळ जाऊ द्या. मोटारसायकलवर मागे बसून शूटिंग करू नका. त्यात हात हलतो आणि जीवालाही धोका. ०.५ वाला वाइड कॅमेरा वापरू नका, त्यात सरळ रेघही कडेला वाकडी दिसते.

पायरी ५: बार सरळ आहे का आणि चीर आहे का?

बारच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे दोन नट ठेवा, त्यावरून दोरी ताणा आणि मधलं अंतर मोजा. इथं एक सावधगिरी घ्या. काही ॲक्सल कारखान्यातूनच मधे किंचित वर उचललेले असतात, म्हणजे भार पडल्यावर सरळ होतील. त्यामुळे मधे सारखा, दोन्ही बाजूंना सममित उंचवटा म्हणजे दोष नाही. बार मधे खाली झोळलेला असेल, किंवा बाक एकाच बाजूला असेल, तर तो दोष आहे.

चीर शोधायची जुनी युक्ती म्हणजे रॉकेल किंवा डिझेल आणि खडू. हब काढल्यावर स्पिंडल स्वच्छ घासा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ उमटवतं. स्पिंडल जिथं चौकोनी बारला मिळतो, त्या कोपऱ्यात आणि पाट्याच्या बैठकीच्या वेल्डिंगजवळ खास बघा. जाडी जिथं एकदम बदलते तिथं ताण गोळा होतो. फोनचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने आडवा मारा. चीर सावलीमुळे दिसते.

एखादा ॲक्सल तुटलाच, तर तुटलेला भाग बघण्यासारखा असतो. जुनी चीर जिथं हळूहळू वाढत गेली तो भाग गुळगुळीत, काळपट, शिंपल्यासारख्या वळ्यांचा असतो. शेवटी एकदम तुटलेला भाग खरखरीत आणि चकचकीत. म्हणजे "काल अचानक तुटला" असं आपण म्हणतो, पण तो कित्येक महिने तुटत असतो.

निकाल कसा लावायचा?

- फक्त खडखड, बाकी मापं ठीक: दोन्ही बेअरिंग आणि सील बदला.
- स्लो मोशनमध्ये अंतर बदलतं: रिम किंवा हब.
- हुकपासूनची अंतरं वेगळी, पण झुकाव नाही: पाट्यांचा बोल्ट किंवा यू-बोल्ट.
- चाक फिरवूनही झुकावाचा आकडा कायम: ॲक्सल वाकलाय.
- चीर दिसली: तो टँकर तिथंच थांबवा. शेवटची एक खेपही नको.

नवा ॲक्सल: माझी चूक आणि सात मापं

आता त्या चार दिवसांची गोष्ट. निदान झाल्यावर मी उत्साहात बारची पूर्ण लांबी मोजली, फोनवर ऑर्डर दिली आणि ॲक्सल आला. लांबी बरोबर होती. पण आमच्या हबमधली बेअरिंगं त्या स्पिंडलवर बसेनात, आणि पाट्याच्या बैठकाही आतल्या बाजूला होत्या. मिस्त्री हसून म्हणाले, "साहेब, बुटाचा नंबर सोडून तुम्ही पायाची उंची दिली." ॲक्सल परत करून नवा येईपर्यंत चार दिवस गेले. तेवढे दिवस वडील शेजाऱ्यांचा टँकर मागून बागेला पाणी देत होते. उन्हाळ्यात कुणाकडेही टँकर मागणं सोपं नसतं.

चूक माझीच होती. ही सात मापं घ्या आणि फोनमध्ये एकाच नोटमध्ये ठेवा:

१. एका हबच्या चाक टेकणाऱ्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर.

२. एका पाट्याच्या मध्यापासून दुसऱ्या पाट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर.

३. चौकोनी बारची जाडी.

४. आतल्या बेअरिंगचा नंबर.

५. बाहेरच्या बेअरिंगचा नंबर.

६. चाकाचे स्टड किती, आणि ते ज्या वर्तुळावर बसलेत त्याचा व्यास. सहा किंवा आठ स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर हाच व्यास. पाच असतील तर एक सोडून दुसऱ्या स्टडपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.९५१ ने भागा.

७. बार पाट्याच्या वर बसतो की खाली.

बेअरिंगचा नंबर कसा वाचायचा?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो चक्क कोड आहे. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ग्रीस पुसा, खडू घासा म्हणजे अक्षरं पांढरी उठतील, आणि गुगल लेन्सने वाचा.

समजा नंबर ३२२१० आहे. पहिला ३ म्हणजे टेपर रोलर जात. मधले २२ म्हणजे रुंदी आणि बाहेरच्या व्यासाची मालिका. शेवटचे दोन आकडे १०, त्यांना ५ ने गुणा: ५० मिलिमीटर. हा आतल्या भोकाचा व्यास, म्हणजेच स्पिंडलची जाडी. ३०२०७ असेल तर ७ गुणिले ५, म्हणजे ३५ मिलिमीटर. शेवटचे आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तेव्हा ही युक्ती चालते. कंपनी कुठलीही असो, या पद्धतीचा नंबर तोच असेल तर मापही तेच. इंच मापाच्या बेअरिंगचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, तिथं हे गणित लावू नका.

जाडीचं गणित

वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६५ मिलिमीटरच्या चौकोनी बारऐवजी ७५ चा घेतला, तर जाडी फक्त १५ टक्के वाढते पण ताकद दीडपट होते. उलटंही तितकंच खरं आहे: दहा मिलिमीटर "वाचवले" तर ताकदीचा तिसरा हिस्सा गेला.

स्टील कोणतं?

जालना शहर सळईच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे "लोखंड तर इथंच मिळतं, बार आणून लेथवर करून घेऊ" असं कुणीतरी सुचवतंच. लेथवर ॲक्सल बनतो, पण स्टील योग्य हवं. बांधकामाच्या एफई ५००डी सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.२५ टक्के असतो, कारण ती वाकवायची आणि वेल्ड करायची असते. ॲक्सलसाठी सर्रास वापरतात ते ईएन८ जातीचं स्टील, त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. दुकानदाराला किंवा लेथवाल्याला "स्टील कोणतं?" हे थेट विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

भंगारातला जुना ॲक्सल घेऊ नका. त्याने किती खड्डे खाल्लेत, ते कोणत्याच ॲपमध्ये दिसत नाही.

बदलण्याची पद्धत

हे काम अनुभवी मिस्त्रीसोबतच करा. तुम्ही शेजारी उभं राहून काय बघायचं, ते इथं देतो.

आधी सुरक्षा

टाकी पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी म्हणजे अडीच टन वजन, आणि तेही हलणारं. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली राहू द्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद, चावी खिशात. ट्रॅक्टरच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. व्हील नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा.

जॅकने उचलल्यावर चासीखाली लोखंडी घोडे किंवा जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचून आधार द्या. विटा किंवा दगड लावू नका. वीट काहीही इशारा न देता फुटते. फक्त जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही, "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा नाही.

काढताना

प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या: पाट्यांची रचना, वॉशरची दिशा, ब्रेक किंवा लाइटची वायर. जोडताना हाच अल्बम तुमचं मॅन्युअल. फोन चुंबकाच्या ट्रेपासून लांब ठेवा, नाहीतर कॅमेऱ्याचा फोकस आणि कंपास गडबडतात. चाकं काढा, जॅक ॲक्सलखाली आणून त्याचं वजन पेला, यू-बोल्ट काढा आणि ॲक्सल सावकाश खाली घ्या.

बसवताना

१. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे. ॲक्सलची जागा तेच ठरवतं.

२. यू-बोल्ट आणि नट नवेच वापरा. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तसा आवळत नाही.

३. आवळण्याआधी हुकच्या पिनपासून दोन्ही टोकांची अंतरं पुन्हा मोजा. मग चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

४. बेअरिंग बदलताना आतला रोलरचा भाग आणि हबमधली बाहेरची रिंग दोन्ही बदला. नव्या रोलरखाली जुनी रिंग ठेवली तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

५. ग्रीस वरून लिंपू नका. तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरमधून बाहेर येईपर्यंत. सील नवं.

६. खाचांचा नट आवळताना हब हाताने फिरवत राहा. हब जड फिरायला लागला की थांबा. मग नट उलटा फिरवून पुढच्या जुळणाऱ्या खाचेपर्यंत सैल करा. हब मोकळा फिरला पाहिजे पण खडखडता कामा नये. नवी स्प्लिट पिन घाला, टोकं वाकवा. तिच्या जागी खिळा किंवा तार चालणार नाही. पाच टनांचं चाक या छोट्या पिनेमुळे जागेवर राहतं.

७. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

पहिली फेरी

रिकामा टँकर दोन-तीन किलोमीटर चालवा, थांबा, दोन्ही हबची धग बघा. सारखी असेल तर भरून एक खेप करा. त्यानंतर यू-बोल्ट आणि व्हील नट पुन्हा आवळा. ही पायरी सगळे विसरतात, म्हणून फोनमध्ये रिमाइंडर लावा. शेवटी लेव्हल मीटरने दोन्ही चाकं मोजून आकडे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला हीच नोंद लागेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाकलेला ॲक्सल तापवून सरळ करता येईल का?
सरळ दिसेल, पण स्टील तापवलं की त्याचे गुणधर्म बदलतात, आणि तो त्याच जागी पुन्हा वाकण्याची शक्यता वाढते. स्पिंडल वाकला असेल तर बदलणं हाच मार्ग.

चीर वेल्डिंगने भरली तर?
नको. ०.४ टक्के कार्बनचं स्टील आधी नीट न तापवता वेल्ड केलं तर वेल्डिंगच्या शेजारचा भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. नवी चीर तिथूनच सुरू होते.

जाड ॲक्सल टाकला म्हणजे जास्त पाणी नेता येईल का?
नाही. टायर, पाटे, हब, हुक आणि ट्रॅक्टरचे ब्रेक तेच आहेत. यातला सगळ्यात कमजोर भाग तुमची मर्यादा ठरवतो.

हबला ग्रीस कधी करायचं?
आमच्याकडे आता ठरलंय: टँकरचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा हब उघडायचा, आणि पाणी शिरल्याचा संशय आला तर लगेच.

मित्रांनो, एक शेवटचं. आपल्याकडे ट्रॉलीत माणसंही बसतात: वेचणीच्या बायका, लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेली पोरं. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवणं नियमात बसत नाही आणि सुरक्षितही नाही. चीर गेलेल्या स्पिंडलला वर पाणी आहे की माणसं, हे कळत नसतं. टँकर गावातून, शाळेसमोरून जातो तेव्हा निसटलेलं चाक कुणाकडे जाईल, हेही सांगता येत नाही.

माझ्या भावाने दुसऱ्यांदा फोटो पाठवला नसता, तर मी तिसराही टायरच बदलायला सांगितला असता. तुमच्या घरी ट्रॉली किंवा टँकर असेल तर या रविवारी दहा मिनिटं काढा, मागे उभे राहा आणि दोन्ही चाकांचा एक फोटो घ्या. काही तिरकं दिसलं, तर पुढे काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.